अण्णांचा पाय मागं का आला नाही?

वाळवा तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे. पत्र मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथं देते.

"मी बारावी सायन्सला आहे. आमचं लहानसं गुऱ्हाळ आहे, गुळव्याचं काम अण्णाच बघतात. त्यांचं वय ५३. नऊ वर्षांपासून शुगर आहे, गोळी कधी घेतात, कधी नाही. दोन वर्षं झाली, दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते, आणि आता बोटं बधिर झालीत म्हणतात. बारा दिवसांपूर्वी चुलवाणापाशी त्यांचा अनवाणी पाय निखाऱ्यावर पडला आणि ते तसेच उभे राहिले. कातडी जळाल्याचा वास आला म्हणून मी ओरडले, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. जखम अजून ओली आहे. अण्णा म्हणतात, दुखत नाही म्हणजे बरं आहे. आज्जी म्हणते शीर दबलीय, शेजारच्या गावात एकजण शिरा ओढून मोकळ्या करतो, त्याच्याकडं जायचं. तोवर रोज विटेनं शेकायचं. अण्णांनी चैत्रात अनवाणी चालत जोतिबाला जायचा नवस बोललाय. माझ्या पुस्तकात आहे की चटका बसला की मेंदूला कळायच्या आत पाय मागं येतो. मग अण्णांचा का नाही आला? पुस्तक चुकीचं आहे का?"

बाळ, आधी दोन गोष्टी सांगते, मग तुझ्या प्रश्नाकडं येते. विटेचा शेक आजपासून बंद. ज्या पायाला निखारा कळला नाही, त्याला वीट किती तापलीय हेही कळणार नाही. शेकता शेकता दुसरी जखम होईल. आणि बारा दिवस ओली राहिलेली जखम उद्याच डॉक्टरांना दाखवायची. जखमेच्या कडेला काळं दिसलं, घाण वास आला, लाली वर चढायला लागली किंवा ताप आला, तर उद्याचीही वाट बघू नका, त्याच रात्री सांगलीच्या सिव्हिलला न्या.

आता शिरेचं. आपण मराठीत शीर हा एकच शब्द किती गोष्टींना वापरतो बघ. हाताच्या पाठीवर निळी दिसते ती शीर. झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा शिरेवर शीर चढली. टाचेच्या मागं दोरीसारखी ताठ लागते तीही शीर. आणि कंबर धरली की शीर दबली. यातली पहिली रक्तवाहिनी, आतून पोकळ, रक्त हृदयाकडं नेणारी. दुसऱ्या वेळी स्नायू आखडलेला असतो, तिथं कुठलीच शीर कुठल्याच शिरेवर चढलेली नसते. तिसरी स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. चौथी मात्र खरी चेता, जिला डॉक्टर नर्व्ह म्हणतात. तिच्यातून रक्त वाहत नाही, तिच्यातून निरोप जातात. अण्णांचा आजार या चौथीचा आहे.

ती कशी असते ते तुला आत्ता हाताला लागेल. कोपर अर्धं वाकव आणि आतल्या बाजूचं टोकदार हाड चाचप. त्या हाडाच्या मागं एक खोबण आहे. तिथं बोट हळूच आडवं फिरवलंस की जाड दोऱ्यासारखं काहीतरी बोटाखालून सरकेल आणि करंगळीत झिणझिणेल. कोपर दाराला आपटलं की करंट बसतो तो हिचाच. मार कोपराला आणि करंट करंगळीला, कारण तिच्यातले दोरे करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाचा निरोप घेऊन येतात; वाटेत कुठंही धक्का लागला तरी मेंदूला वाटतं करंगळीच बोलतेय. चेता म्हणजे अशा हजारो बारीक तंतूंची जुडी, पांढरी, चकचकीत. पायात जाणारी सगळ्यात मोठी चेता कुल्ल्यातून उतरते आणि तिथं ती चांगली बोटाएवढी जाड असते.

हे सगळे तंतू जातात कुठं, ते तू नववीत चेतासंस्था म्हणून शिकलीस आणि आता नर्व्हस सिस्टिम म्हणून शिकतेयस, म्हणून भरभर सांगते. कवटीत मेंदू, साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. वजनानं शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतली जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. मोठ्या मेंदूत जाणीव, विचार, हालचालींचे हुकूम. मागं लहान मेंदू तोल आणि हालचालीतली सफाई सांभाळतो. खाली देठासारखा भाग श्वास आणि हृदयाचे ठोके चालू ठेवतो. त्या देठातून खाली उतरतो तो मेरुरज्जू, मणक्यांच्या नळीत सुरक्षित, करंगळीएवढा जाड आणि मोठ्या माणसात जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब. पाठीचा कणा त्याहून बराच लांब असतो, त्यामुळं रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पुढं पायांकडं जाणाऱ्या चेतांचा झुबका लोंबतो, त्याला घोड्याची शेपूट असंच नाव आहे. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात, रज्जूतून ३१. बस, नकाशा एवढाच. आपल्याला त्यातला फक्त तळपाय ते कंबर हा रस्ता हवाय.

तुझा प्रश्न फार चांगला आहे. पुस्तक बरोबर आहे, आणि अण्णांचा पायही पुस्तकाप्रमाणंच वागला. प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती काढ. कातडीत चटका ओळखणारी टोकं, तिथून निरोप आत आणणारा तंतू, रज्जूतली मधली पेशी, तिथून स्नायूकडं हुकूम नेणारा तंतू, आणि मांडीचा स्नायू. धडधाकट माणसाचा पाय निखाऱ्यावर पडला की निरोप रज्जूत पोचतो आणि रज्जू मेंदूला न विचारता पाय उचलतो. त्याच क्षणी दुसरा पाय ताठ करतो, माणूस पडू नये म्हणून. 'आई गं' हे नंतर. मेंदूला बातमी पोचेपर्यंत पाय वर आलेला असतो. अण्णांचा रज्जू चांगला आहे, हुकूम नेणारा तंतू बऱ्यापैकी चांगला आहे, म्हणून तर ते चालतात, काहील उतरवायला हात लावतात. पण आकृतीतला पहिला बाण, कातडीकडून आत येणारा, तोच मिटलाय. रज्जूला खबरच नाही, तो काय उचलणार! त्या दिवशी अण्णांच्या शरीरात पायाचा निरोप कुणीच आणला नाही, तो तुझ्या नाकानं आणला.

आता, बोटांपासूनच का? आणि दोन्ही पायांना सारखंच का? इथंच शीर दबली की नाही याचं उत्तर आहे. पायाच्या अंगठ्याची जाणीव आणणारी पेशी अंगठ्यात नसते. तिचं घर कमरेत, मणक्याच्या शेजारी, एका गाठीत असतं. पेशी केवढी, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. आणि तिचा तंतू तिथून अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब! त्या तंतूला लागणारा सगळा माल घरी तयार होतो आणि वाहून टोकाला न्यावा लागतो. जलद जाणारा माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर सरकतो, म्हणजे अंगठ्याला पोचायला तीन ते पाच दिवस. तंतूचा सांगाडा ज्याचा बनतो तो माल दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर एवढाच सरकतो, त्याला दीड ते पावणेतीन वर्षं लागतात.

आपल्या जिल्ह्यात ताकारी, म्हैसाळ, टेंभू या सिंचन योजनांचं पाणी बघितलेल्या माणसाला हे निराळं समजवावं लागत नाही. कॅनॉलला पाणी कमी सुटलं की पहिली ओरड टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची. हेडला, म्हणजे सुरुवातीला, रान हिरवं असतं, टेलला पीक माना टाकतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पेशीच्या आतलं काम बिघडतं, आणि चेतेला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्याही जाड होऊन अरुंद होतात. मग ज्या तंतूचा टेल सगळ्यात लांब तो आधी वाळतो. म्हणून पायाची बोटं. दोन्ही पायांची लांबी सारखी, म्हणून दोन्हीकडं एकदम. मोजा वर चढत जावा तसा बधिरपणा वर चढतो, आणि गुडघ्याच्या जवळपास आला की हातांच्या बोटांना मुंग्या सुरू होतात, कारण तेवढ्या लांबीचे तंतू आता हातात असतात.

कमरेत चेता दबली तर चित्र वेगळं दिसतं. बहुतेक वेळा एकाच पायाला, कुल्ल्यापासून कळ निघून पोटरीत उतरते, खोकल्यावर, शिंकल्यावर जास्त. (दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, जांघा-बैठकीची जागा बधिर झाली, लघवी कळेना किंवा अडली, तर मात्र ते तातडीचं दुखणं, तासाभराचाही वेळ घालवायचा नाही. अण्णांचं तसं नाही.) त्यामुळं शिरा ओढणाऱ्या माणसाकडं जायचं कारणच उरत नाही. एका जागी बसलेली गाठ असती तर सोडवायचा प्रश्न होता. हा बिघाड टेलपासून वरपर्यंत पसरलेला आहे, ओढून, दाबून, तेल चोळून तो निघत नाही. बधिर पायाला कुणी जोरात ओढलं-मुरगळलं तर आतल्या आत इजा होते आणि अण्णांना तीही कळणार नाही. आज्जीवर रागावू नकोस. तिनं आयुष्यभर कित्येकांच्या पोटऱ्यांतले गोळे चोळून उतरवले असतील आणि ते खरंच उतरले असतील. तिला सांग, ती स्नायूची शीर होती, ही निरोपाची आहे.

तू लिहिलंस की आगही होते आणि बधिरही आहे. दोन्ही एकदम कसं? उंबऱ्याला ठेच लागते तेव्हाचं आठव. आधी लख्खकन कळ येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मागून ठणका येतो. दोन वेगळे तंतू दोन वेगळ्या वेगांनी बातमी आणत असतात. ज्यांच्यावर चरबीचं वेष्टण आहे ते जलद, त्यातले सगळ्यात जाड सेकंदाला १०० मीटरहूनही जास्त. ज्यांच्यावर वेष्टण नाही ते बारीक तंतू सेकंदाला मीटरभर. आग, चटका, ठणका यांचं काम बरंचसं या बारकांकडं असतं, आणि साखरेचा मार बहुधा यांना आधी बसतो. मरायला टेकलेला तंतू कारण नसताना निरोप सोडत राहतो. रात्री बाकी सगळं शांत झालं की मेंदूला त्याचाच कालवा ऐकू येतो. तीच आग. पुढं तंतू पूर्ण गेला की आग थांबते. घरातल्यांना वाटतं उतार पडला.

म्हणून 'दुखत नाही म्हणजे बरं आहे' हे अण्णांचं वाक्य मला पत्रातल्या सगळ्या वाक्यांत जास्त लागलं. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात एक गृहस्थ ताप येतो म्हणून आले होते. स्टँडवरून चालत आले, चपला काढून कॉटवर बसले. आम्ही छाती तपासली, पोट तपासलं, लघवी तपासायला पाठवली. संध्याकाळी तिथल्या आयाबाईंनी त्यांची चप्पल कॉटखाली सारली तेव्हा चपलेच्या तळातून आरपार आलेला खिळा त्यांना दिसला. मग आम्ही पाय वळवून बघितला. खिळा किती दिवसांचा, त्या माणसाला सांगता येईना. त्यांचा अंगठा वाचला नाही. तेव्हापासून साखरेचा पेशंट कशाहीसाठी आला तरी मी आधी त्याचे मोजे उतरवते.

अण्णांना आणखी तीन-चार गोष्टी विचार. चालताना चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलांनी कळतं, असं होतं का? अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का? पायांची जाणीव गेली की तोल डोळ्यांवर उभा असतो, डोळे मिटले की तो आधारही जातो. उठून उभं राहिल्यावर अंधारी येते का? तळव्यांना घाम येणं बंद होऊन भेगा पडल्यात का? शेवटच्या दोन गोष्टी स्वायत्त चेतासंस्थेच्या, म्हणजे आपण न सांगता घाम, रक्तदाब, पचन, हृदयाची गती चालवणाऱ्या चेतांच्या. त्यांनाही साखर सोडत नाही. यातली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवा: अशा माणसाला हृदयाचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दरदरून घाम, धाप, मळमळ, एकदम गळून गेल्यासारखं झालं, तर पित्त म्हणून घरी बसवू नका.

डॉक्टर काय बघतील तेही सांगते, म्हणजे तू विचारू शकशील. एक जाडसर नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात, तेव्हा बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. तो कळतो का हे डोळे मिटून सांगायचं. कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडाला लावतात. टाचेच्या मागं हातोडी मारतात, ती तुझ्या आकृतीसारख्याच एका वाटेची परीक्षा. तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, थायरॉइड हे रक्तातलं. बी-१२ मुद्दाम सांगितलं. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी माणसांत ते कमी पडतं, त्यानंही असाच बधिरपणा येतो आणि तो इंजेक्शनं-गोळ्यांनी बराच सुधारतो. दारू असेल तर लपवू नका. अंगावर कुठं फिकट किंवा लालसर, न कळणारा चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोग चेतांवरच हल्ला करतो, पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

बरं होईल का? तुला खोटं सांगणार नाही. आग कमी करणारी चांगली औषधं आहेत, पण ती आग कमी करतात, तंतू उगवत नाहीत. कापलेली चेतासुद्धा नीट जुळली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. साखरेत मुरलेली त्याहून सावकाश, आणि पुष्कळदा वाढतच नाही. गेलेली जाणीव सगळी परत येईल असं धरून चालू नका. साखर आटोक्यात ठेवली तर बिघाडाचा वेग मंदावायला मदत होते, आणि हा पाय अण्णांना शेवटपर्यंत पुरू शकतो. त्यासाठी गोळी रोज घ्यायची, कधी-कधी नाही. गुऱ्हाळ असलेल्या घरात काकवी आणि गरम गूळ जिभेवर ठेवून पाक बघणं हे कामाचाच भाग असतं, मला माहीत आहे. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ते बघता येतं. चव दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

रोज रात्री जेवणानंतर अण्णांचे तळवे तू बघायचेस. त्यांना वाकता येत नसेल आणि तू नसशील तर जमिनीवर आरसा ठेवून त्यांनी स्वतः. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या कडेला, अंगठ्याखाली. पाय कोमट पाण्यानं धुवायचे. पाणी आईनं कोपर घालून बघायचं, अण्णांनी पाय घालून नाही. बेचके कोरडे पुसायचे, भेगांना खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही. चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. घट्टा ब्लेडनं कापायचा नाही. जखमेवर हळद, टूथपेस्ट, राख काही नको. आणि चुलवाणाजवळ बंद बूट, घरातही चप्पल. आज्जी म्हणेल घरात चप्पल कशाला. सांग, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

राहिला नवस. अनवाणी नाही. हे मी देव मानणारी बाई म्हणून सांगते. चैत्रातल्या उन्हात डांबर आणि डोंगरावरच्या फरशा तापलेल्या असतात, दोन दिवसांच्या चालीत तळव्याचं काय झालं हे अण्णांना गुलाल धुताना कळेल. एसटीनं जावं, पहाटे दर्शन घ्यावं, चप्पल काढायच्या जागेपासून पुढं जाड सुती मोजे घालावेत. त्यांचं चालणं तुला चालायचं असेल तर तू बूट घालून सासनकाठीबरोबर चाल. पण हे तू सांगून ते ऐकणार नाहीत. म्हणून आज रात्री एक कर. अण्णांना पडवीत झोपवून डोळे मिटायला सांग. तुझ्या बोटाच्या टोकानं त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची, एकेक करून दोन सेकंद हलकंच टेकव. दाबायचं नाही, थोपटायचं नाही. कळलं की 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचं. सहातली दोन किंवा जास्त चुकली तर पाय धोक्यात आहे असं धरतात. मग तेच तुझ्या बोटांवर त्यांना करायला लाव. त्यांनी हात लावताच तू 'डावा' म्हणशील, आणि मघाशी आपल्याला काय काय कळलं नाही ते त्यांना तिथंच समजेल.

उद्या निघताना शुगरची जुनी फाईल, चालू गोळ्यांचं पाकीट आणि अण्णांची रोजची चप्पल, तिन्ही पिशवीत घे. चप्पल विसरू नकोस. ती कुठं घासलीय आणि पट्टा कुठं रुततोय ते डॉक्टरांना बघायचं असतं.